गोल कोणता आणि घन कोणता?

इ. स. १६८८ मधील जुलै महिन्याच्या ७ तारखेस, आयर्लंडमधील डब्लिन शहरी राहणाऱ्या विल्यम मॉलिन्यू नावाच्या एका विद्वान गृहस्थाने एक पत्र लिहिले. पत्र लहानसेच होते. परंतु त्यातील प्रश्नाने पुढे सव्वातीनशे वर्षे तत्त्वज्ञांना, शल्यवैद्यांना आणि शास्त्रज्ञांना स्वस्थ बसू दिले नाही. त्या प्रश्नाला आजवर जी प्रत्यक्ष उत्तरे मिळाली, त्यांतील सर्वांत नेमके उत्तर दिल्लीतील एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात मिळाले, आणि ते पाच भारतीय मुलांनी दिले. विलायतेतील एका पंडिताची जिज्ञासा आणि आपल्या खेड्यापाड्यांतील आंधळ्या मुलांचे भवितव्य यांची गाठ कशी पडली, याचा हा वृत्तान्त आहे.

मॉलिन्यूचा प्रश्न असा होता. समजा, एक मनुष्य जन्मांध आहे आणि आता तो वयात आला आहे. एकाच धातूचे, आकारमानाने जवळजवळ सारखेच असे दोन पदार्थ, एक गोल आणि एक घन, हाताने चाचपून तो बिनचूक ओळखतो. अशा माणसाला अकस्मात दृष्टी प्राप्त झाली आणि ते दोन्ही पदार्थ त्याच्यासमोर मेजावर मांडले, तर त्यांना हात न लावता, केवळ डोळ्यांनी पाहून, गोल कोणता आणि घन कोणता हे त्याला सांगता येईल काय?

मॉलिन्यू हा प्रकाशशास्त्राचा अभ्यासक होता. १६८३ मध्ये डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या विद्वत्सभेचा तो एक प्रमुख संस्थापक होता, आणि भिंगे व दुर्बिणी यांविषयीचा त्याचा ग्रंथ पुढे १६९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पण हा प्रश्न त्याला केवळ भिंगांच्या अभ्यासातून सुचला असेल असे मानणे कठीण आहे. १६७८ मध्ये त्याचा विवाह झाला आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्याची पत्नी ल्यूसी आजारी पडून दृष्टीला मुकली. १६९१ मध्ये ती वारली, तोवर तिला पुन्हा दिसू लागले नाही. दृष्टी म्हणजे काय आणि ती गेली असता माणसाजवळ काय उरते, हा विचार ज्याच्या घरात रोज वावरत होता, अशा माणसाचा हा प्रश्न आहे.

वरवर पाहता प्रश्न पोरकट वाटतो. अंधारात उशाशी हात घालून आपण चष्मा शोधतो, आणि दिवसा डोळ्यांनी पाहिलेला तोच हा चष्मा, याविषयी मनात तिळमात्र शंका येत नाही. खिशातील नाण्यांतून हवे ते नाणे बोटे न पाहता काढून देतात. परंतु थोडा विचार केला की यातील नवल ध्यानात येते. डोळ्याला मिळतो तो प्रकाश, रंग आणि छाया. हाताला मिळतो तो कठीणपणा, थंडावा, कड आणि टोक. या दोन साक्षीदारांच्या भाषा सर्वस्वी भिन्न आहेत. तरीही दोघे एकाच वस्तूविषयी बोलत आहेत हे मेंदूला बिनचूक कळते. हे जुळवून पाहण्याचे कौशल्य उपजत असते की अनुभवाने कमवावे लागते? मॉलिन्यूच्या प्रश्नाचे मर्म हे आहे.

मॉलिन्यूने हा प्रश्न धाडला तो जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याच्या विचारांना उद्देशून. मानवी आकलनाविषयीच्या त्याच्या महत्त्वाच्या ग्रंथाचा गोषवारा त्या वेळी नुकताच एका फ्रेंच नियतकालिकात आला होता. लॉकने या पहिल्या पत्राला उत्तर दिले नाही. पुढे दोघांचा स्नेह जुळला, १६९३ मध्ये मॉलिन्यूने तोच प्रश्न पुन्हा लिहून कळविला आणि या वेळी मात्र लॉकने त्याचे महत्त्व ओळखून १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याला स्थान दिले. मॉलिन्यूचे स्वतःचे उत्तर ‘नाही’ असे होते, आणि लॉकलाही ते मान्य होते. जन्मतः मन कोऱ्या कागदासारखे असते व त्यावर जे काही उमटते ते अनुभवानेच उमटते, असे मानणाऱ्या लॉकला दुसरे उत्तर देताही आले नसते. १७०९ मध्ये जॉर्ज बर्कली याने याच्याही पुढे जाऊन असे प्रतिपादन केले की, डोळ्याला दिसणारा आकार आणि हाताला लागणारा आकार या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. त्यांचा संबंध केवळ सवयीने जडतो, जसा एखाद्या शब्दाचा त्याच्या अर्थाशी जडावा.

जर्मन पंडित लाइब्निट्झ याला मात्र हे पटले नाही. मेजावर एक गोल व एक घन आहे एवढे त्या माणसाला आधी सांगून ठेवले, तर तो विचार करून त्यांना ओळखील, असे त्याचे म्हणणे होते. घनाला आठ कोपरे असतात, गोलाला एकही नसतो. हा भेद जसा हाताला कळतो तसाच डोळ्यालाही कळला पाहिजे. आंधळ्याची भूमिती आणि हातपाय न हालविता येणाऱ्या डोळसाची भूमिती शेवटी एकच नाही काय, असा त्याचा रोख होता. लॉकला उत्तर म्हणून लिहिलेला हा ग्रंथ लॉकच्या मृत्यूमुळे लाइब्निट्झने बाजूस ठेवला आणि तो छापला गेला १७६५ मध्ये, स्वतः लाइब्निट्झच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने.

दर्शन आणि स्पर्श यांच्या एकवाक्यतेचा विचार आपल्याकडे याच्या कितीतरी आधी झाला होता, हे येथे आठवल्यावाचून राहात नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत, तिसऱ्या अध्यायाच्या अगदी आरंभी, हाच विषय येतो. जी वस्तू डोळ्यांनी पाहिली तीच हाताने चाचपतो आहे, असा प्रत्यय प्रत्येकास येतो. परंतु डोळ्याला स्पर्श ठाऊक नाही आणि त्वचेला रूप ठाऊक नाही. मग दोहोंची ओळख पटविणारा कोणी तरी दोहोंहून वेगळा असला पाहिजे, अशा युक्तिवादाने नैयायिकांनी आत्म्याचे अस्तित्व सिद्ध करण्याचा यत्न केला. ओळख पटते, ही गोष्ट त्यांनी गृहीत धरली आणि ती पटविणारा कोण, असे विचारले. मॉलिन्यूने विचारले ते निराळे. ती ओळख पहिल्याच क्षणी पटते काय, हा त्याचा प्रश्न होता, आणि असा प्रश्न नुसत्या तर्काने सुटणारा नव्हता. त्यासाठी जन्मांध माणसाला दृष्टी यावयास हवी होती.

ही गोष्ट अगदीच अशक्य नव्हती. डोळ्यातील भिंग गढूळ झाले की मोतीबिंदू होतो, आणि ते गढूळ भिंग शलाकेने प्रकाशाच्या वाटेतून बाजूस सारले की डोळ्यात पुन्हा उजेड शिरतो. या शस्त्रकर्माचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आले आहे. युरोपातही याच जातीची क्रिया प्रचलित होती. आणि लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील विख्यात शल्यवैद्य विल्यम चेसेल्डन याने तीच क्रिया तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलावर केली. हा मुलगा जन्मतः, किंवा निदान त्याला आठवत नाही इतक्या लहानपणापासून, आंधळा होता. रात्र आणि दिवस यांतील भेद त्याला कळे, आणि भरपूर उजेडात काळा, पांढरा व भडक लाल हे रंग ओळखू येत. त्यापलीकडे काही नाही.

चेसेल्डनने १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेली या मुलाची हकीकत विलक्षण आहे. प्रथम दिसू लागले तेव्हा, जे दिसते ते सारे आपल्या डोळ्यांना चिकटलेलेच आहे असे त्याला वाटले. कारण हाताने जाणायची वस्तू ही त्वचेला चिकटलेलीच असते. कोणत्याही वस्तूचा आकार त्याला ओळखता येईना. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही होती. त्यांतील कुत्रा कोणता व मांजर कोणते हे तो वारंवार विसरे आणि विचारण्याची त्याला लाज वाटे. शेवटी एके दिवशी त्याने मांजराला पकडले, अंगावरून हात फिरवून ते ओळखले, मग त्याच्याकडे टक लावून पाहिले आणि यापुढे तुला ओळखीन अशा अर्थाचे काहीसे म्हणून सोडून दिले. भिंतीवरील चित्रे म्हणजे निरनिराळ्या रंगांचे नुसते सपाट पृष्ठभाग नाहीत, त्यांत भरीव वस्तू दाखविल्या आहेत, हे त्याच्या ध्यानात यावयास सुमारे दोन महिने लागले. तसे ते ध्यानात आल्यावर त्याने चित्राला हात लावून पाहिला. हाताला उंचसखल काहीच लागेना, तेव्हा दृष्टी आणि स्पर्श यांपैकी लबाड कोण, असे तो विचारू लागला.

लॉकच्या अनुयायांना यामुळे मोठा आनंद झाला आणि व्हॉल्तेअरने १७३८ मध्ये ही हकीकत फ्रेंच वाचकांपुढे मांडली. परंतु निःपक्षपातीपणे पाहणाऱ्यास काही शंका येणारच. चेसेल्डनने त्या मुलापुढे गोल आणि घन ठेवलेच नव्हते. शिवाय शलाकेने नुकत्याच दुखावलेल्या, भिंग नसलेल्या डोळ्याला स्पष्ट दिसत तरी काय असेल? जो काही पाहूच शकत नाही त्याला ओळखता आले नाही, तर त्यावरून काय सिद्ध होते?

हा आक्षेप स्पष्टपणे मांडला तो फ्रेंच लेखक दिदरो याने. आंधळ्यांविषयीचे त्याचे पत्ररूप पुस्तक १७४९ मध्ये निघाले. त्याचे म्हणणे असे की, शस्त्रक्रियेनंतर डोळ्याला सावरण्यास अवधी द्यावा. पट्टी काढण्याची घाई करून चार माणसांसमोर तमाशा करू नये. तसेच प्रश्न विचारावयाचा तर तो ज्याला स्वतःच्या अनुभवाचे पृथक्करण करता येईल अशा सुबुद्ध आंधळ्याला विचारावा. दिदरोच्या डोळ्यांपुढे निकोलस साँडरसन याचे उदाहरण होते. तान्हेपणीच देवीच्या रोगाने दृष्टी गेलेला हा पुरुष केंब्रिज विद्यापीठात, जे अध्यासन एकदा न्यूटनने भूषविले होते त्यावर बसून गणित शिकवीत असे. याच पुस्तकात दिदरोने साँडरसनच्या तोंडी ईश्वराच्या अस्तित्वाविषयी शंका घालणारे संभाषण घातले आणि त्याबद्दल त्यास सुमारे तीन महिने व्हँसेनच्या किल्ल्यात कैद सोसावी लागली. त्याने दिलेला इशारा मात्र शास्त्राच्या पुष्कळ उपयोगी पडण्यासारखा होता.

पुढील दोनशे वर्षांत अशा रुग्णांच्या हकीकती अधूनमधून प्रसिद्ध होत राहिल्या. १९३२ मध्ये फॉन झेंडेन या जर्मन संशोधकाने त्या एकत्र केल्या. त्यांतून जे चित्र उभे राहिले ते मोठे उदास होते. प्रौढपणी दृष्टी आलेल्या पुष्कळांना दिसू तर लागले. परंतु दिसणाऱ्याचा अर्थ लावणे इतके कष्टाचे झाले, की काहींनी डोळे मिटून जुन्या, परिचित अशा स्पर्शाच्या जगात परत जाणे पसंत केले.

यांपैकी सर्वांत बारकाईने अभ्यासलेला रुग्ण म्हणजे शास्त्रीय वाङ्मयात ‘एस. बी.’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा एक इंग्रज कारागीर. दहा महिन्यांचा असताना त्याची दृष्टी गेली होती. १९५८ च्या अखेरीस व १९५९ च्या आरंभी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, डोळ्यावरील पारदर्शक पटलाचे रोपण करून ती परत आणण्यात आली. रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस यांनी त्याचा अभ्यास करून १९६३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की भिंतीवरील घड्याळात किती वाजले हे त्याला पाहताक्षणी सांगता येते; कारण काच नसलेल्या घड्याळाचे काटे चाचपून वेळ ओळखण्याची त्याला जन्माची सवय होती. इंग्रजी लिपीतील मोठी अक्षरे त्याला वाचता येत, लहान अक्षरे येत नसत. कारण अंधशाळेत त्याला उठावाची मोठी अक्षरेच हाताने शिकविली होती. म्हणजे हाताचे ज्ञान डोळ्याच्या कामी येत होते! पण वस्तुसंग्रहालयात एक चरकयंत्र दाखविले, तेव्हा त्याला त्यातले काहीच उमगेना. मग डोळे मिटून त्याने ते यंत्र हातांनी सर्वत्र चाचपले, आणि नंतरच त्याला ते नीट दिसू लागले. आंधळा असताना जो मनुष्य निर्भयपणे रस्ता ओलांडीत असे, तो आता रहदारी पाहून भेदरू लागला. हळूहळू त्याला खिन्नतेने ग्रासले. संध्याकाळी तो दिवा न लावताच बसून राही. १९६० मध्ये तो मरण पावला.

याच सुमारास प्रयोगशाळेतूनही असाच निराशाजनक कौल आला. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोघा शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलाचा एक डोळा जन्मानंतर काही आठवडे बंद ठेवला. पुढे तो उघडला तेव्हा डोळा निरोगी असूनही पिलाला त्याने दिसेना. कारण मेंदूतील दृष्टिकेंद्राच्या पेशी त्या डोळ्याला ओळखीनाशा झाल्या होत्या. पूर्ण वाढलेल्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असे काही होत नसे. तेव्हा दृष्टी घडण्याचा एक ठराविक काळ असतो, तो टळला की संधी गेली, असे सूत्र रूढ झाले. १९८१ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला आणि तो सर्वस्वी यथायोग्य होता. परंतु या सूत्राचा एक अनुद्दिष्ट परिणाम असा झाला की, आठ-दहा वर्षांचा जन्मांध मुलगा वैद्याकडे आणला, तर ‘आता फार उशीर झाला’ असे सांगून त्याला परत धाडण्यास शास्त्राचा आधार मिळाला. पंडितांच्या वादात तोवर कोणाचे काही बिघडत नव्हते. आता मात्र त्या वादाच्या निकालावर मुलांची दृष्टी अवलंबून राहिली.

पाश्चात्त्य देशांत मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या मुलावर पहिल्या काही महिन्यांतच शस्त्रक्रिया होते. त्यामुळे मॉलिन्यूच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असा रुग्ण तेथे सहसा आढळत नाही. आपल्याकडे दारिद्र्य, अज्ञान आणि रुग्णालयापासूनचे अंतर यांमुळे अशी मुले वर्षानुवर्षे आंधळीच राहात. दिल्लीत जन्मलेले व अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत अध्यापन करणारे पवन सिन्हा यांच्या मनाला ही गोष्ट लागली. त्यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘प्रकाश’ नावाचा उपक्रम सुरू केला. खेड्यांतून मुले शोधावीत, दिल्लीच्या डॉ. श्रॉफ धर्मादाय नेत्ररुग्णालयात त्यांच्यावर विनामूल्य उपचार व्हावेत आणि उपचारानंतर त्यांच्या मेंदूत दृष्टी कशी घडते याचा अभ्यास व्हावा, अशी त्याची योजना. दृष्टी देणे हे कर्तव्य आणि ज्ञान हे त्याच्या पाठोपाठ येणारे फळ, असा हा क्रम होता.

मॉलिन्यूच्या प्रश्नाची परीक्षा येथे घेण्यात आली. रिचर्ड हेल्ड, पवन सिन्हा व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. परीक्षेस आठ ते सतरा वर्षे वयाची पाच मुले होती. चौघांना जन्मजात मोतीबिंदू होता, एकाच्या डोळ्यावरील पटल अपारदर्शक होते. मुलांच्या खेळण्यातील ठोकळ्यांसारख्या वीस जोड्या निवडल्या होत्या. दृष्टी अधू असल्यामुळे चूक होऊ नये म्हणून वस्तू पुरेशा मोठ्या होत्या, आणि शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत परीक्षा उरकली होती. प्रकार तीन होते. पहिल्यात एक वस्तू हाताने चाचपावयाची आणि मग दोन वस्तूंतून ती हातानेच ओळखावयाची. दुसऱ्यात एक वस्तू पाहावयाची आणि दोहोंतून ती डोळ्यांनीच ओळखावयाची. तिसऱ्यात वस्तू न पाहता चाचपावयाची आणि मग समोरच्या दोहोंतून ती केवळ डोळ्यांनी निवडावयाची. हा तिसरा प्रकार म्हणजेच मॉलिन्यूचा प्रश्न.

हाताची हाताशी तुलना करताना मुलांची १०० पैकी सरासरी ९८ उत्तरे बरोबर आली. डोळ्याची डोळ्याशी तुलना करताना ९२ आली. दिदरोच्या आक्षेपाला हे उत्तर होते. मुलांना दिसत होते, आणि दिसलेल्या दोन वस्तूंतील साम्यभेद त्यांच्या मेंदूला कळतही होता. परंतु हाताची डोळ्याशी तुलना करावयाची वेळ आली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५८ वर घसरले. दोहोंतून एक निवडताना डोळे मिटून बोट ठेवले तरी निम्मी उत्तरे बरोबर येणारच. तेव्हा ५८ म्हणजे जवळजवळ निव्वळ अंदाजच म्हणावयाचा. मॉलिन्यू, लॉक आणि बर्कली यांचे ‘नाही’ हे उत्तर असे खरे ठरले.

पण वृत्तान्त येथे संपत नाही. पाचांपैकी तिघांची पुढे पुन्हा परीक्षा घेता आली. कोणाची पाच दिवसांनी, कोणाची काही महिन्यांनी. आणि तिघांचीही हात व डोळा यांची जुळणी लक्षणीय सुधारली होती. या अवधीत त्यांना कोणी खास धडे दिले नव्हते. खाणेपिणे, खेळणे, वस्तू उचलून पाहणे, एवढ्याच व्यवहारातून ती जुळणी झाली होती. उपजत नाही, पण शिकावयास अल्प काळ पुरतो, असे हे दुहेरी उत्तर आहे. लॉकच्या बाजूने निकाल लागला खरा. परंतु इतक्या थोड्या दिवसांत दोन भाषांचा मेळ बसतो, त्या अर्थी मेंदूत त्याची काही पूर्वतयारी असलीच पाहिजे, आणि तेवढ्यापुरता लाइब्निट्झचाही मान राहतो.

याच उपक्रमातील आणखी दोन शोध येथे सांगितले पाहिजेत. एकावर एक आलेले वर्तुळ आणि त्रिकोण नव्याने दिसू लागलेल्या माणसांना दाखविले, तर रेषांनी पडलेला प्रत्येक तुकडा त्यांना स्वतंत्र वस्तू वाटतो. गाईच्या छायाचित्रातील निरनिराळ्या रंगांचे भाग त्यांना वेगवेगळे पदार्थ वाटतात. अंधगजन्यायाची कथा आपण ऐकलेली असते. हातांनी हत्तीचे तुकडे जाणणारे ते आंधळे येथे जणू डोळे असूनही तुकडेच पाहतात. मात्र ती आकृती हलू लागली, की तिचे सारे भाग एकत्र हलताना पाहून ही एकच वस्तू आहे हे त्यांना उमगते, आणि काही महिन्यांनी स्थिर चित्रेही कळू लागतात. वस्तूची वस्तूशी तुलना करण्याआधी वस्तू कोठे सुरू होते व कोठे संपते हे ठरावे लागते, आणि ते ठरविण्याचा पहिला धडा मेंदूला गती देते, असे यावरून दिसते.

दुसरा शोध याच्या उलट दिशेचा आहे. एकमेकींकडे झुकत गेलेल्या दोन रेषांमध्ये सारख्याच लांबीच्या दोन आडव्या रेघा काढल्या, तर निमुळत्या टोकाजवळची रेघ आपणास मोठी वाटते. हा भ्रम चित्रे व लांबच लांब रस्ते पाहण्याच्या सवयीतून येतो, असे पुष्कळांचे मत होते. परंतु २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे आढळले की, शस्त्रक्रियेनंतर लगेच तपासलेल्या नऊ मुलांनाही तो भ्रम झाला. ज्यांनी जन्मात रस्ता पाहिला नव्हता त्यांचा मेंदूही दोन लांबींची तुलना आपल्याच रीतीने करीत होता. तेव्हा तुलनेच्या काही युक्त्या मेंदू जन्मतःच बरोबर आणतो आणि काही अनुभवाने मिळवितो, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

या निष्कर्षांवर आक्षेप आले नाहीत असे नाही. पाच मुलांची संख्या लहान आहे. ठोकळ्यांची डोळ्यांनी केलेली तुलना कदाचित केवळ रेषा व कोपरे यांच्या सपाट आकृतीवरून झाली असेल, त्यांचा भरीवपणा मुलांना अद्याप दिसतच नसेल, आणि म्हणून हाताशी मेळ बसला नसेल, असेही काही तत्त्वज्ञांनी सुचविले. १९७९ मध्ये दोघा अमेरिकन संशोधकांना असे आढळले होते की, महिन्याभराचे मूल तोंडात चोखलेल्या चोखणीच्या आकाराची वस्तू डोळ्यांनी अधिक वेळ न्याहाळते. पण पुढील काही प्रयोगांत हा निष्कर्ष टिकला नाही. वाद अजून पुरता मिटलेला नाही.

परंतु एका बाबतीत मात्र संशयाला फारशी जागा उरलेली नाही. उशीर झालेल्या मुलांना शस्त्रक्रियेचा उपयोगच नाही, ही समजूत चुकीची ठरली आहे. वयाच्या बाराव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्या एका भारतीय स्त्रीची वीस वर्षांनंतर तपासणी झाली, तेव्हा तिची नजर अधू असली तरी वस्तू व चेहरे ओळखण्याची बरीच कामे ती करू शकते असे आढळले. ही गोष्ट २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. आठ वर्षांच्या पुढे दृष्टी लाभलेल्या मुलांपैकी काहींची छायाभेद ओळखण्याची शक्ती पुढील महिन्यांत वाढत गेली, असेही २०१४ मध्ये दिसून आले. अर्थात लवकर उपचार हाच उत्तम उपचार होय. गेलेल्या वर्षांची काही हानी भरून येत नाही, आणि नजरेची तीक्ष्णता सहसा निरोगी डोळ्याइतकी होत नाही. ह्यूबेल व वीझेल यांचे सूत्र खोटे ठरले नाही. त्यातून काढलेला कठोर अर्थ मात्र खोटा ठरला.

अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात १९७६ मध्ये सुरू झाला. २०१३ च्या फेब्रुवारीत, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आरोग्यतपासणीची राष्ट्रीय योजना सुरू झाली, आणि शोधावयाच्या विकारांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदूचा समावेश झाला. अंगणवाडीत किंवा शाळेत मुलाच्या बाहुलीत दिसणारा पांढुरका डाग वेळेवर ओळखला, तर त्याच्या आयुष्याची दिशा बदलते. पण दिल्लीच्या पाच मुलांचा धडा याहून थोडा पुढचा आहे. शस्त्रक्रिया झाली, पट्टी निघाली, नोंदवहीत एक आकडा वाढला, म्हणजे काम संपले असे सरकारी दप्तराला वाटणे स्वाभाविक आहे. मुलाच्या बाबतीत त्या दिवशी काम सुरू होते. डोळा शल्यवैद्य देतो. दिसलेले आणि हाताळलेले यांची सांगड मेंदूला पुढील दिवसांत आणि महिन्यांत घालावी लागते. त्या काळात मुलाला चष्मा हवा, हाताळण्यास वस्तू हव्यात, शाळा हवी, आणि न ओळखणाऱ्याला न हसणारी माणसे हवीत. बावन्नाव्या वर्षी दृष्टी येऊन अंधारात बसून राहिलेल्या त्या कारागिराच्या वाट्याला यातील किती आले असेल, हा विचार मनाला चटका लावतो. पट्टी सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत मूल गोल आणि घन ओळखू शकले नाही, म्हणून त्याच्याविषयी निराश होण्याचे कारण नाही. त्याच्या हाती ते दोन्ही द्यावेत आणि थोडे थांबावे.